टिवल्याला शहाणं करताना

कुमारांसाठी पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाच्या घरात खराखुरा कुमार असू नये. लेखिकेच्या घरात होता. सोळा वर्षांची मुलगी, आईपेक्षा चार बोटं उंच, आणि तरीही सगळे तिला बारकी म्हणत. लेखिकेची आधीची सहा पुस्तकं बाजारात होती. त्यांतली पोरं सकाळी आपणहून उठत, कुंडीतल्या रोपाला पाणी घालत, सापडलेली छत्री मालकाला नेऊन देत आणि शेवटच्या पानावर आईबाबांची माफी मागत. कशाबद्दल, ते लेखिकेलाही नीट सांगता आलं नसतं. बारकीनं अकराव्या वर्षीच त्या पुस्तकांना रामराम ठोकला होता. तुझ्या पुस्तकातल्या मुलांना बारीक ताप असतो का, असं तिनं एकदा जेवताना विचारलं होतं, आणि लेखिका तीन दिवस घरात कुणाशी धड बोलली नव्हती.

सातवं पुस्तक त्या तापावरचं औषध म्हणून लिहायला घेतलं. टिवल्या हा जुन्या पुराणकथेतला देव. देव म्हणायचं ते नात्यागोत्यामुळे, करणी सगळी उचापतखोराची. मोठेपणी त्यानं कुणाकुणाला कसं गंडवलं ते सगळ्यांना तोंडपाठ होतं, पण सोळाव्या वर्षी तो काय करत होता याबद्दल पुराणवाले मूग गिळून बसलेले. लेखिकेनं ती जागा बरोबर हेरली. तिच्या टिवल्यानं वाऱ्याच्या वहाणा पळवल्या, मेघदेवाच्या नगाऱ्यात कापूस कोंबला, डोंगराचा आवाज काढून समुद्राला नाही नाही ते ऐकवलं आणि दोघांत शंभर वर्षांचा अबोला लावून दिला. शेवटी सगळे देव न्याय करायला बसतात आणि त्याची सावली कापून घेतात. बिनसावलीचा तो पोरगा घराबाहेर पडतो, तिथे पुस्तक संपतं.

हस्तलिखिताची छापील प्रत ती मुद्दाम जेवणाच्या टेबलावर विसरली. बारकीनं ती उचलली आणि स्वयंपाकघरात कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसून शनिवार-रविवारात संपवली. लेखिका तेवढ्या वेळात अकरा वेळा पाणी प्यायला आत गेली. पोरगी हसत होती. कुणाला दाखवायला नव्हे, एकटीच, नाकातून, मध्येच मागचं पान पुन्हा काढून. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "यातलं काही काढू नकोस."

"नाही काढणार."

"एक शब्दही नाही?"

"एक शब्दही नाही," लेखिका म्हणाली, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पोटभर रडली. पाच वर्षांनी पोरगी तिच्या लिहिण्याबद्दल तिच्याशी बोलली होती. आता हे पुस्तक जसंच्या तसं छापून यायला हवं होतं. विक्री, बक्षिसं, नाव, सगळ्यावर ती पाणी सोडायला तयार होती. पोरीला दिलेला शब्द तेवढा राहायला हवा होता, कारण एकदा हातची गेलेली ही मुलगी दुसऱ्यांदा गेली असती तर परत आली नसती.

प्रकाशनाचं कार्यालय चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात डिंकाचा वास, दारात गठ्ठे, आणि आत कुमार विभागाचा संपादक. हा किडकिडीत माणूस इतक्या हळू बोलायचा की शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय असं वाटावं. शेजारच्या खोलीत वाचन-मंडळ बसायचं, त्यामुळे अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

मंडळात पाच माणसं. त्यांनी होकार दिला की पुस्तक शाळांच्या यादीत जातं, आणि यादीत गेलं नाही तर गठ्ठे जिन्यातच राहतात. पाचही जणांना पुष्कळ कामं असल्यामुळे पुस्तक अख्खं वाचणं शक्य नसे. त्यावर अध्यक्षांनी वीस वर्षांपूर्वी एक युक्ती काढली होती. कार्यालयातल्या कारकूनबाई हस्तलिखितात नायकाचं बोलणं आणि नायकाची कृत्यं तेवढी पिवळ्या पेन्सिलीनं अधोरेखित करत, आणि सभासद तेवढंच पिवळं वाचत. मूल नायकाचं अनुकरण करतं, नायक स्वच्छ असला की पुस्तक स्वच्छ, असा त्यामागचा सिद्धांत. सोबत एक तक्ता असे. खोटे बोलणे, न विचारता घेणे, उलट उत्तर, वडीलधाऱ्यांची टिंगल, असे चार रकाने. या पद्धतीबद्दल अध्यक्षांचा एकदा शाल देऊन सत्कारही झाला होता. ते निवृत्त मुख्याध्यापक. आपण मात्र पिवळ्यावर न थांबता अक्षर न् अक्षर वाचतो, हे ते दर बैठकीत तीनदा सांगत.

टिवल्याची बैठक लांब टेबलाभोवती, झाकण ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यांच्या साक्षीनं झाली. हस्तलिखित इतकं पिवळं झालं होतं की कारकूनबाईंना दुसरी पेन्सिल काढावी लागली होती. तक्त्यात मंडळाच्या एकेचाळीस खुणा. वहाणा नायकानं परवानगीनं घ्याव्यात. नगाऱ्यात कापूस कोंबण्याऐवजी नगारा पुसून ठेवावा. समुद्राशी बोलताना आदरार्थी क्रियापद वापरावं. मंडळात एक दंतवैद्य होते, त्यांनी नेहमीप्रमाणे खाण्यापिण्याचा मुद्दा घेतला. चौथ्या प्रकरणात नायक मधाचं पोळं खातो आणि चूळ भरत नाही, याकडे त्यांनी सगळ्यांचं लक्ष वेधलं. उरलेल्या तिघांनी माना हलवल्या. त्यांचं तेच काम होतं, आणि ते मन लावून करत.

लेखिकेनं धीर करून विचारलं की हा लबाडीचाच देव आहे, तर लबाडी काढल्यावर त्यानं दिवसभर करायचं काय. अध्यक्ष प्रेमानं हसले. असं हसू शाळेत वर्गाबाहेर उभं करण्याआधी मिळतं.

"लबाडीला आमचा विरोध नाही, बाई," ते म्हणाले. "लबाडी करण्याला आहे. तो लबाड आहे असं खुशाल लिहा. त्यानं काही केलं मात्र नाही पाहिजे."

लेखिकेनं तक्त्याखाली सही केली. पेन तिचं नव्हतं, असं तिनं नंतर मनाशी म्हणून पाहिलं, पण त्यानं काही हलकं वाटलं नाही.

रविवारी बारकीनं विचारलं, "काही बदलायला लावलं का गं?" लेखिका कणीक मळत होती. तिनं मान वर न करता एक शब्दही नाही म्हणून सांगितलं. उत्तर इतकं सहज बाहेर आलं की तिलाच बरं वाटलं. पोरीला उगाच कशाला त्रास, आपण काहीतरी मार्ग काढूच, मग सांगू, असं तिनं ठरवलं. मोठी माणसं असंच ठरवतात.

मार्ग काही निघेना. तिनं आज्ञाधारकपणे पहिलं प्रकरण दुरुस्त केलं. टिवल्या वाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, "काका, तुमच्या वहाणा घेऊ का?" वारा म्हणतो, "घे बाळा." संपलं प्रकरण. बावीस पानांची गोष्ट तीन ओळींत आटोपली आणि वर वारा फुकटचा दिलदार ठरला. दुसऱ्या प्रकरणात टिवल्यानं नगारा इतका लख्ख पुसला की तिलाच त्याची कीव आली. संपादकानं ते वाचलं आणि हळू आवाजात सांगितलं की छान झालंय, फक्त हा आता शेजारच्या घरातला तो हुशार मुलगा वाटतोय, ज्याचं नाव घेऊन आपल्याला लहानपणी बोलणी बसायची. लेखिकेनं घरी येऊन ती पानं पालथी घातली. पुढचा आठवडाभर ती त्या टेबलाकडे फिरकली नाही, आणि रविवारी पुन्हा एक शब्दही नाही म्हणाली.

सुटका झाली ती कारकूनबाईंमुळे. लेखिका एका दुपारी मुदत वाढवून मागायला गेली होती आणि संपादक जेवायला गेला होता, म्हणून ती कारकूनबाईंच्या टेबलाशी बसली. बाईंच्या पुढ्यात दुसऱ्या कुणाचं तरी हस्तलिखित होतं. त्यात एक काका पुतण्याच्या कानाखाली आवाज काढतो, मग त्याच्या आईला सांगतो की पोरगा जिन्यावरून पडला. पुतण्या गप्प बसतो. बाईंनी 'गप्प बसला' एवढ्याचखाली पिवळी रेघ ओढली आणि पान उलटलं.

लेखिकेनं विचारलं, काकांच्या थापेला रेघ नाही का?

"काका नायक नाहीत ना," बाई म्हणाल्या. "काकांचं आपण बघत नाही."

लेखिका मुदत न मागताच उठली. जिना उतरताना ती दोनदा गठ्ठ्यांना अडखळली. खालच्या चष्मेवाल्यानं काही लागलं का म्हणून विचारलं, तर त्यालाही ती हसूनच काहीतरी बोलून गेली.

मग तीन आठवडे ती अशी लिहीत होती की नवऱ्यानं दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. टिवल्याच्या अंगावरची एकेक लबाडी तिनं काढली, आणि टाकून न देता घरातल्या मोठ्यांच्या अंगावर चढवली. आता वहाणा वाऱ्याच्या नव्हत्याच. वाऱ्यानं त्या फार पूर्वी पावसाच्या उंबऱ्यातून ढापल्या होत्या आणि आता तो पुतण्याला स्वकष्टाच्या कमाईचं महत्त्व समजावत होता. टिवल्या म्हणाला, "बरं काका." नगाऱ्यात कापूस मेघदेवानंच भरला होता, कारण गडगडाट करायचा त्याला कंटाळा आला होता, आणि आवाज का येत नाही असं पृथ्वीनं विचारलं की तो पोराकडून निरोप धाडायचा की बाबा घरी नाहीत. टिवल्या म्हणाला, "हो बाबा." डोंगर आणि समुद्र यांच्यात भांडण लावलं ते मावशीदेवीनं, दोन्हीकडे जाऊन, दोन्हीकडे डोळ्यांना पदर लावून, आणि दोन्हीकडे 'माझं नाव मध्ये घेऊ नका' असं बजावून.

मालमसाल्याला तोटा नव्हता. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता आणि अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत फोनवर सांगायचा की निघालोय, दहा मिनिटांत पोचतो. तो सबंध मेघदेवात गेला. दंतवैद्यांवरून वैद्यदेव झाला. तो सांडशी पाठीमागे लपवून अजिबात दुखणार नाही म्हणायचा. आकाशआजोबांना तिनं हजार पोथ्यांचं कपाट दिलं. कुठल्याही पोथीचं नाव काढा, आजोबा म्हणायचे, अक्षर न् अक्षर वाचलंय, आणि टिवल्या ती पोथी काढायचा तर पानं एकमेकांना चिकटलेली. "हो आजोबा," टिवल्या म्हणायचा. हे लिहिताना लेखिका स्वतःशी इतकी हसली की चहा उतू गेला. अख्ख्या पुस्तकात टिवल्या एकदाही खोटं बोलला नाही, त्यानं काही पळवलं नाही, उलट उत्तर दिलं नाही. मध खाल्ल्यावर चूळ भरली. शेवटी सगळे देव जमून त्याला लबाडीबद्दल दोषी ठरवतात आणि सावली कापून घेतात, ते तिनं तसंच ठेवलं.

दुसऱ्या बैठकीत तक्ता कोरा होता. मंडळाच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. पिवळ्या रेघांखाली नुसतं बरं, हो आणि आभारी आहे. दंतवैद्यांनी चुळीबद्दल समाधान व्यक्त केलं आणि वैद्यदेव हे पात्र फार मनमिळाऊ आहे असं सांगितलं, म्हणजे कुणीतरी त्यांना त्याच्याबद्दल सांगितलं असावं. तिघांनी माना हलवल्या. अध्यक्षांनी हस्तलिखितावर पंजा ठेवला.

"मी अक्षर न् अक्षर वाचलं," ते म्हणाले. "बाई, घरातली वडीलमंडळी फार स्वाभाविक उतरली आहेत. कुठे अतिशयोक्ती नाही. घरोघरी असंच तर चालतं. आणि शेवटी त्याला शिक्षा होते, हे उत्तम."

त्यांनी वाचलं नव्हतं म्हणावं, तर इतकं अचूक कसं सांगितलं, आणि वाचलं होतं म्हणावं तर राग कसा आला नाही? लेखिकेनं या प्रश्नावर बसमध्ये बराच विचार केला. मग तिच्या लक्षात आलं की त्यांनी खरंच वाचलं होतं. त्यांना त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं. ती बसमध्ये एकटीच हसली आणि शेजारच्या माणसानं पिशवी मांडीवर घेतली.

बारकीला तिनं काही सांगितलं नाही. आता तर सांगायचंच नव्हतं. पुस्तक हातात देऊन पोरीला चकित करायचं, मंडळाच्या तोंडाला कशी पानं पुसली ते तिचं तिला कळू द्यायचं, असा बेत होता. आधीचा टिवल्या चांगला होता, पण हा त्याच्या वरताण होता, आणि या वेळी आईनं स्वतः टिवल्यासारखं काहीतरी केलं होतं. पोरगी आपल्याकडे कशी बघेल याची चित्रं ती भाजी चिरताना रंगवत बसायची. पुस्तकाची प्रुफं घरी आली आणि दोन आठवडे टेबलावर पडून राहिली. मंडळाचा पहिला तक्ताही त्यातच खोचलेला होता. बारकी दर रविवारी विचारायची की काही बदललं का, आणि लेखिका दर रविवारी एक शब्दही नाही म्हणायची. आता त्यात तिला गंमतच वाटू लागली होती.

प्रकाशन एका शाळेच्या सभागृहात झालं. पंखे आवाज करत होते, खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या होत्या, आणि अडीचशे मुलं वर्गातून सुटका झाल्याच्या आनंदात बसली होती. पुस्तक त्यांना आठवडाभर आधी वाचायला दिलं होतं. बारकी स्वतःच्या शाळेतून परस्पर आली आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली. लेखिकेनं व्यासपीठावरून तिला दोनदा हात केला. एकदा तिनं परत केला.

अध्यक्षांनी अर्धा तास भाषण केलं आणि मग कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं उदार मनानं सांगितलं. चौथ्या रांगेतली एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली. टिवल्यानं तर अख्ख्या पुस्तकात काहीच केलं नाही, तिनं विचारलं, मग सावली त्याचीच का कापली?

अध्यक्ष म्हणाले, छान प्रश्न. शिक्षा ही नेहमी केलेल्या गोष्टीसाठीच असते असं नाही, पुढे करू नये म्हणूनही असते. मुलगी बसली नाही. खोटं तर काका बोलले, बाबा बोलले, आजोबा बोलले, ती म्हणाली, त्यांच्या सावल्या कुणी का नाही कापल्या? मागे खसखस पिकली. एका शिक्षकांनी डोळे वटारून पाहिलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि याचं उत्तर खुद्द लेखिकाच देतील म्हणून ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला.

इथे सगळं घालवता आलं असतं. पुस्तक यादीत चढून चारच दिवस झाले होते, आणि अध्यक्षांच्या एका फोनवर ते उतरलं असतं. तिनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बारकी पुढे वाकून बसली होती, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून. तिच्यासाठीच तर हे सगळं केलं होतं.

"कारण त्या घरात अठरा वर्षांखालचा तोच एकटा होता," लेखिका म्हणाली. "मोठी माणसं सगळी खोटं बोलतात. मी ती कुठून शोधून आणलेली नाहीत. आपल्या घरातली, शाळेतली, आणि पुस्तकं तपासायला बसतात तिथली जशीच्या तशी उचलली आहेत."

मग सभागृह असं उसळलं की बांधलेल्या खुर्च्या रांगेच्या रांगेनं हलल्या. बाकं असती तर मुलं त्यांवर चढली असती. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते अध्यक्ष. त्यांनी रुमालानं डोळे पुसले, शेजारच्या मुख्याध्यापिकेकडे वाकून काहीतरी सांगितलं, आणि दोघंही हसत दंतवैद्यांकडे पाहू लागले. दंतवैद्य हसत तिघांकडे पाहत होते. टोपी सगळ्यांना दिसली होती, फक्त प्रत्येकाला ती शेजाऱ्याच्या मापाची वाटली होती. लेखिकेला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. तिनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं, तर बारकी तिथे नव्हती.

ती फाटकाबाहेर बसथांब्यावर सापडली. लेखिका धापा टाकत पोचली. हातात पिशवी, केस विस्कटलेले, चेहरा फुललेला. ती आल्याआल्या सगळं सांगू लागली. पिवळी पेन्सिल, तक्ता, कारकूनबाई, काकांच्या अंगावर चढवलेल्या चोऱ्या. बारकीनं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं," मग ती म्हणाली. "प्रुफं आली तेव्हाच वाचलं मी. माझ्याकडची जुनी प्रत शेजारी ठेवून. काकांचं छान केलंयस. आजोबांचं तर फारच."

म्हणजे सात-आठ रविवार हिला ठाऊक होतं. लेखिकेच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, त्याला काढून कुठे ठेवावं ते तिला सुचेना. दर रविवारी पोरगी ठाऊक असलेली गोष्ट विचारत होती, आणि आपण कणीक मळत, भाजी चिरत, मजेत खोटं बोलत होतो.

"मंडळाच्या खुणा एकेचाळीस होत्या," बारकी म्हणाली. "तक्त्यावर लिहिलंय. पण बदल त्रेचाळीस आहेत. ते दोन कुणी सांगितले?"

कुठले दोन, असं लेखिकेनं विचारलं. तिला चांगलं ठाऊक होतं.

"सहावं प्रकरण. टिवल्याची आई म्हणते, मी तुझ्याशी कधी खोटं बोलले नाही. आणि तो एकेक बोट दुमडून मोजून दाखवतो. आईचं वाक्यही काढलंस, त्याचं मोजणंही काढलंस. त्यावर मंडळाची खूण नव्हती. आता सगळे खोटं बोलतात, काका, बाबा, मावशी, वैद्य. आईच तेवढी बोलत नाही."

"पानं वाढत होती," लेखिका म्हणाली. "छापखान्यानं सांगितलं की सोळाच्या पटीत बसवायचं तर कुठूनतरी दोन पानं कमी करा, आणि त्यातल्या त्यात ते प्रकरण…"

थाप किती सुबक निघाली होती. तीत छापखाना होता, सोळाची पट होती, एकही सांधा उघडा नव्हता. बारकीच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि राग असता तर लेखिकेला बरं वाटलं असतं.

"पानांचं खोटं आहे," लेखिका शेवटी म्हणाली. "मी घाबरले."

"मंडळाला?"

"मंडळाला नाही. तुला. छापून आलं असतं तर मग जन्मभर तसंच राहिलं असतं. आईनं काय केलं ते."

"पण ते टिवल्याचं मोजणं माझं होतं ना गं," बारकी म्हणाली. "अकरा वर्षांची असताना मीच मोजलं होतं. इंजेक्शन दुखणार नाही म्हणालीस. पाच मिनिटांत येते म्हणालीस आणि संध्याकाळी आलीस. मांजर पळून गेलं म्हणालीस, आणि ते पलीकडच्या गल्लीत त्या शिवणवाल्या बाईंकडे होतं, तूच देऊन आली होतीस. तू ते लिहिलंस तेव्हा मला राग नव्हता आला. मला वाटलं, चला, हिच्या लक्षात आहे. ते पान मी सात वेळा वाचलं. तुझ्या सगळ्या पुस्तकांत मी त्या एका पानावर होते, आई."

बस आली. दोघी चढल्या, आणि बारकीनं आईसाठी खिडकीची जागा सोडली. लेखिका पिशवी मांडीवर घेऊन बसली. पिशवीत पुस्तकाच्या दहा कोऱ्या प्रती होत्या, आणि त्यांतल्या एकाही प्रतीत ते पान नव्हतं.